उधारीवर पाव देणारा कारभारी : गावच्या सोसायटीमागचा माणूस



मार्च महिना लागला की गावात एकच विषय. सोसायटीचं भरलं का? ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरलं तर व्याजाची सवलत मिळते, नाहीतर थकबाकीत नाव जातं आणि पुढचं कर्ज अडकतं. मग कोणी कांदा आहे त्या भावात काढतो, कोणी मेव्हण्याकडून चार दिवसांसाठी हातउसने आणतो, भरतो आणि एप्रिलमध्ये परत उचलतो. सचिवाच्या टेबलाभोवती गर्दी, ओट्यावर चपलांचा ढीग. दरवर्षीचंच आहे.

या ३१ मार्चच्या आदल्या दिवशी, म्हणजे ३० मार्चला, एका माणसाची जयंती असते. आपल्या सोसायटीच्या भिंतीवर त्यांचा फोटो मी तरी कुठे पाहिला नाही. पण गावातल्याच लोकांनी एकत्र यायचं, एकमेकांच्या जामिनावर पैसा उभा करायचा आणि ज्याला गरज आहे त्याला रास्त व्याजानं द्यायचा, ही पद्धत शेतीवर जगणाऱ्या खेड्यात ज्यांनी चालवून दाखवली ते हे गृहस्थ. नाव फ्रेडरिक विल्हेल्म रायफायझन. मुलूख जर्मनी. जी.डी.सी.ए.च्या परीक्षेला बसलेल्या पोरांनी हे नाव पाठ केलेलं असतं. बाकी कोणाला माहीत असायचं कारण नाही.

मला त्यांच्यावर लिहावंसं वाटलं ते वेगळ्याच कारणानं. आपल्याकडे गावोगावी गट निघतात. बचत गट, शेतकरी गट, पाणी वापर संस्था. नारळ फुटतो, फोटो निघतो, आणि पुष्कळ गट दोन-तीन वर्षांत झोपतात. आमचाही एक झोपला. तो का झोपला हे मला या माणसाचं चरित्र वाचताना कळलं. आमची गोष्ट शेवटी सांगतो. आधी त्यांची.

डोंगराळ मुलखातलं पोर

जर्मनीच्या पश्चिम भागात ऱ्हाइन नदीच्या पूर्वेला वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ भाग आहे. थंडी कडक, जमीन हलकी, वाटण्या होऊन होऊन शेताचे तुकडे पडलेले. तिथं झीग नदीकाठच्या हाम या गावात ३० मार्च १८१८ रोजी रायफायझन यांचा जन्म झाला. नऊ भावंडांत सातवा नंबर. वडील शेती करायचे आणि काही वर्षं गावचे कारभारीही होते. पण पोरगं लहान असतानाच वडिलांचं पद गेलं, घराची घडी विस्कटली आणि सगळा भार आईवर आला.

मोठ्या शाळेत घालायला पैसा नव्हता. गावातल्या चर्चच्या पाद्र्यानं पोराची हुशारी पाहून त्याला स्वतः शिकवलं. सतराव्या वर्षी, १८३५ साली, पोरगा सैन्यात तोफखान्यात भरती झाला. खेड्यातल्या गरिबाच्या पोराला सैन्य हा एक मार्ग असतो, तिथंही आणि इथंही. तिथं तो पुढंही गेला असता, पण डोळ्यांचा आजार जडला. १८४३ मध्ये पंचविसाव्या वर्षी सैन्य सोडावं लागलं. हा डोळ्यांचा त्रास पुढे जन्मभर सुटला नाही.

मग सरकारी कचेरीत नोकरी केली आणि १८४५ साली वायरबुश या ठिकाणी त्यांची नेमणूक झाली. पुस्तकात या पदाला महापौर म्हणतात. पण आपल्या डोळ्यांपुढे महानगरपालिकेचा महापौर येतो तसलं ते पद नव्हतं. वीसेक लहान खेड्यांचा कारभार एका माणसाकडे. आपला सरपंच, ग्रामसेवक आणि मंडळ अधिकारी एकत्र केले तर जे होईल ते. म्हणून मी त्यांना कारभारीच म्हणतो. वय जेमतेम २६-२७. त्याच वर्षी एमिली नावाच्या मुलीशी लग्न झालं.

सरकारी पीठ आणि रोखीची अट

नोकरीला दोन वर्षं होत नाहीत तोच दुष्काळ आला. युरोपात त्या वेळी बटाट्यावर करपा पडला होता. तिकडे बटाटा म्हणजे गरिबाचं मुख्य खाणं. त्यात १८४६ साली धान्याचं पीकही गेलं. भाव चढले. १८४६-४७ चा तो हिवाळा त्या भागात उपासमारीचा हिवाळा म्हणून ओळखला जातो.

वरून सरकारनं पीठ पाठवलं. पण सोबत हुकूम आला की रोख पैसे घेऊनच द्यायचं. आता ज्याच्याकडे रोख आहे तो उपाशी कशाला राहील? आणि जो उपाशी आहे त्याच्याकडे रोख कुठून असणार? आपल्याकडच्या योजनांच्या अटी आठवल्या की हे समजायला अवघड जात नाही.

रायफायझन यांनी हुकूम बाजूला ठेवला. गावातल्या लोकांची एक समिती केली आणि पीठ उधारीवर वाटलं. नोकरी जायची भीती होतीच, तरी केलं.

पण सरकारी पीठ पुरणारं नव्हतं. मग ते गावातल्या चार पैसेवाल्यांच्या दारी गेले. त्यांच्याकडून पैसे गोळा केले, एक मंडळ काढलं. त्या पैशातून बाहेरून धान्य आणलं, गावात सार्वजनिक भट्टी बांधली आणि पाव भाजायला सुरुवात केली. हा पाव म्हणजे आपल्या चहासोबतचा पाव नव्हे, ती त्यांची रोजची भाकरी. बाजारात जो भाव होता त्याच्या निम्म्याच्या आसपास तो मिळायला लागला, आणि तोही उधारीवर. पीक निघाल्यावर पैसे द्यायचे. पुढच्या हंगामासाठी बटाट्याचं बेणंसुद्धा मंडळानं पुरवलं, कारण आज पोट भरलं आणि उद्या पेरायला काही नसलं तर पुढच्या वर्षी परत तेच.

पीक आलं. लोकांनी पैसे परत केले. गरीब माणूस उधारी बुडवतो असं म्हणणाऱ्यांना हे उत्तर होतं, आणि रायफायझन यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं.

याच काळात त्यांनी रस्त्याचा ध्यास घेतला. माल पिकला तरी ऱ्हाइनकाठच्या बाजारापर्यंत नेता आला नाही तर उपयोग काय? डोंगरातून नॉयविड शहराकडे जाणाऱ्या रस्त्यासाठी त्यांनी खटपट केली. तो रस्ता आजही त्यांच्या नावानं ओळखला जातो.

गाय कोणाची?

१८४८ मध्ये त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड या भागात झाली. तिथं दुष्काळापेक्षा जुनं दुखणं होतं, सावकारीचं.

शेतकऱ्याला गाय पाहिजे. दुधासाठी, शेणासाठी, औताला जुंपायलासुद्धा. विकत घ्यायला पैसा नाही. मग व्यापारी गाय उधार द्यायचा किंवा आपल्याकडे अर्धलीनं देतात तशी द्यायचा. चारा-पाणी शेतकऱ्यानं करायचं, गाय मात्र व्यापाऱ्याच्या नावावर. वासरू झालं की वाटा व्यापाऱ्याचा. गाय चांगली निघाली की तो कधीही सोडून नेणार आणि दुसरी मरतुकडी बांधणार. हप्ता चुकला की व्याजावर व्याज, आणि शेवटी जमिनीवर टाच. चार वर्षं गाय सांभाळून शेतकऱ्याच्या हाती शेणाची पाटी तेवढी राहायची.

१८४९ च्या डिसेंबरात रायफायझन यांनी तिथल्या साठेक सधन लोकांना एकत्र करून मदत मंडळ काढलं. या लोकांनी एक मोठी गोष्ट केली. आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी ते सामाईक जामीन राहिले. एकट्यादुकट्याला जो पैसा मिळत नव्हता तो या साठ जणांच्या शब्दावर मिळाला. त्यातून मंडळानं जनावरं घेतली आणि गरजू शेतकऱ्यांना दिली. फेड पाच वर्षांत, हप्त्याहप्त्यानं. हप्ते फिटले की गाय शेतकऱ्याची. पुढे जनावरांबरोबर रोख कर्जही द्यायला सुरुवात झाली.

पाच वर्षांची मुदत का, हेही बघण्यासारखं आहे. गाय घेतल्याबरोबर ती पैसे देत नाही. व्यायला पाहिजे, वासरू वाढायला पाहिजे. कर्जाची मुदत जनावराच्या आणि पिकाच्या चालीनं असावी, सावकाराच्या सोयीनं नसावी, हे त्यांनी तिथं शिकून घेतलं.

दान दमलं

१८५२ मध्ये परत बदली. आता नॉयविडला लागून असलेलं हेडेसडॉर्फ. इथं १८५४ साली त्यांनी तिसरं मंडळ काढलं. या वेळी हेतू फार मोठे ठेवले. अनाथ, सोडलेल्या मुलांची व्यवस्था. बेकारांना काम. तुरुंगातून सुटून आलेल्यांना आधार. गावासाठी वाचनालय. आणि कर्जपुरवठा. सगळं एकाच मंडळानं करायचं.

मंडळाचे सदस्य कोण? तेच, पैसेवाले, चांगल्या मनाचे लोक. घेणारे वेगळे, देणारे वेगळे.

पहिली काही वर्षं उत्साह राहिला. मग हळूहळू बैठकीला माणसं कमी. जामीन राहायला कोणी तयार होईना. साहजिक आहे. ज्याला स्वतःला कर्ज नको, ज्याच्या घरी गाय आहे, पोरं शिकतात, त्यानं दुसऱ्याच्या कर्जासाठी आपली जमीन किती वर्षं अडकवायची? आणि कर्ज घेणाऱ्यालाही ते पैसे आपले वाटत नव्हते. मोठ्या लोकांनी दिलेत, त्यांना काय कमी आहे, असा भाव. एक-एक काम गळत गेलं आणि शेवटी कर्जाचं तेवढं उरलं.

रायफायझन हे मनानं फार धार्मिक होते. ज्याला देवानं दिलंय त्यानं शेजाऱ्याला द्यावं, ही त्यांची श्रद्धा. त्या श्रद्धेवरच तिन्ही मंडळं उभी केली होती. त्यामुळे दानावर संस्था टिकत नाही हे मान्य करणं त्यांना सोपं गेलं नाही. त्याच काळात जर्मनीत शुल्झ-डेलिच नावाचे दुसरे एक गृहस्थ शहरातल्या कारागिरांच्या पतसंस्था चालवत होते. त्यांचं म्हणणं की ज्याची गरज त्यानंच सभासद व्हावं, बाहेरच्याच्या दयेवर काही उभं करू नये. दोघांचा पत्रव्यवहार झाला. रायफायझन यांनी बरीच वर्षं हे मानलं नाही. पण समोर मंडळ विरघळताना दिसत होतं.

१८६२ मध्ये आन्हाउझेन या खेड्यात आणि १८६४ मध्ये हेडेसडॉर्फमध्ये नव्या नियमाची कर्ज संस्था निघाली. नियम एकच बदलला होता. ज्याला कर्ज पाहिजे त्यानं आधी सभासद व्हायचं आणि बाकी सगळ्यांसाठी जामीनही राहायचं. आता घेणारा आणि देणारा एकाच पंगतीत बसला.

पावाच्या भट्टीपासून इथपर्यंत यायला त्यांना सतराएक वर्षं लागली. तीन मंडळं काढली, तिन्हींतून काही ना काही शिकले, आणि मग कुठे ती संस्था सापडली जी पुढे जगभर गेली. गट काढून दोन वर्षांत निराश होणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

संस्था चालायची कशी?

त्यांचे नियम साधे होते. कारण समजल्याशिवाय मात्र त्यांचा उपयोग नाही, म्हणून एकेक सांगतो.

पहिलं, संस्था एका गावापुरती, फार तर शेजारच्या दोन-चार वाड्यांपुरती. कारण कर्ज कागद बघून दिलं जात नव्हतं, माणूस बघून दिलं जात होतं. कोण कष्टाळू आहे, कोण संध्याकाळी कुठे बसतो, कोणाच्या घरी खरंच अडचण आहे, हे गावातच कळतं. तालुक्याच्या कचेरीत बसून कळत नाही.

दुसरं, सगळ्यांची अमर्याद जबाबदारी. म्हणजे संस्था बुडाली तर प्रत्येक सभासद आपल्या घरादारासह जबाबदार. ऐकून धडकी भरते. पण यानेच दोन गोष्टी झाल्या. बाहेरचा सावकार किंवा बँक एकट्या शेतकऱ्याला दारात उभं करत नव्हती, ती पन्नास जणांच्या एकत्र जबाबदारीवर कमी व्याजानं पैसे द्यायला तयार झाली. आणि गावात प्रत्येकाची नजर प्रत्येकावर राहिली. बियाण्यासाठी घेतलेला पैसा लग्नात उडवला तर शेजारीच विचारायचा, कारण बुडाला तर त्याचंही बुडणार.

तिसरं, पदाधिकाऱ्यांना पगार नाही. हिशेब लिहिणाऱ्याला तेवढा मोबदला. खुर्चीत पैसा नसला की खुर्चीसाठी भांडणंही कमी.

चौथं, नफा वाटायचा नाही. जे उरेल ते संस्थेच्या कायम निधीत. तो निधी कोणा एकाचा नाही, तोडून वाटून घेता येत नाही. वाईट वर्ष आलं तर तोच उपयोगी.

पाचवं, कर्ज कशासाठी हे आधी सांगायचं. गाय, बियाणं, जमीन सुधारणा, ज्यातून पैसा परत येईल अशा कामाला. मुदत पिकाच्या हिशेबानं.

सहावं, बचत. गावातल्या ज्याच्याकडे चार पैसे आहेत त्यानं ते संस्थेत ठेवायचे. गावातला पैसा गावात फिरायचा.

घरचं दुःख आणि लेकीचे डोळे

बाहेर संस्था उभी राहत होती तेव्हा घरात मात्र अंधार आला. १८६३ मध्ये पत्नी एमिली वारल्या. पदरात लहान मुलं. त्याच सुमारास रायफायझन स्वतः मोठ्या तापानं अंथरुणाला खिळले. डोळे आणखी गेले, वाचणं-लिहिणं जवळजवळ बंद पडलं. १८६५ साली वयाच्या ४७ व्या वर्षी नोकरीतून निवृत्त व्हावं लागलं. निवृत्तिवेतन तुटपुंजं. घर चालवायला त्यांनी सिगारचा छोटा कारखाना घातला, नंतर द्राक्षाच्या दारूचा व्यापार केला. हजारो शेतकऱ्यांना सावकारीतून सोडवण्याची वाट दाखवणाऱ्या माणसाला स्वतःच्या चुलीची चिंता सुटली नव्हती.

अशा वेळी थोरली मुलगी अमाली त्यांचे डोळे झाली. ते सांगायचे, ती लिहायची. पत्रं तीच वाचून दाखवायची. १८६६ साली कर्ज संस्थांवरचं त्यांचं पुस्तक निघालं. गावात संस्था कशी काढावी, नियम काय, हिशेब कसा ठेवावा, चुका कुठे होतात, असं सगळं त्यात होतं. ते पुस्तक वाचून दूरदूरची गावं त्यांना पत्रं लिहायला लागली आणि संस्था वाढत गेल्या. त्या पुस्तकाच्या त्यांच्या हयातीतच पाच आवृत्त्या निघाल्या. त्यावर अमालीचं नाव नसलं तरी तिचा हात प्रत्येक ओळीत आहे. आपल्याकडेही बचत गटाची वही कोण लिहितं ते बघा, म्हणजे कळेल.

पुढे एक नवी अडचण दिसली. एका गावात बचत जास्त आणि कर्जाला मागणी कमी, दुसऱ्या गावात उलटं. एखाद्या गावात गारपीट झाली की सगळे एकदम मागायला येणार, मग संस्थेनं कुठून द्यायचं? म्हणून १८७२ मध्ये नॉयविडला गावोगावच्या संस्थांची मिळून एक बँक काढली. १८७६ मध्ये आणखी मोठी मध्यवर्ती संस्था आली. आपल्या जिल्हा मध्यवर्ती बँकेची कल्पना इथलीच. १८७७ मध्ये संस्थांचा संघ झाला, हिशेब तपासायला आणि सल्ला द्यायला.

शुल्झ-डेलिच यांच्याशी त्यांचं शेवटपर्यंत पटलं नाही. ते म्हणत कर्ज थोड्या मुदतीचं असावं, सभासदांनी भाग घ्यावेत, नफा वाटावा. रायफायझन म्हणत शेती म्हणजे दुकान नव्हे, शेतकऱ्याला वर्षंच्या वर्षं लागतात. वाद सरकारदरबारी गेला. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते असं मला वाटतं. शहरातल्या सुताराचा पैसा महिन्यात फिरतो, आपला फिरत नाही.

एक गोष्ट झाकून ठेवू नये. सावकारीवर लिहिताना उतारवयात रायफायझन यांनी सगळ्या ज्यू व्यापाऱ्यांना एकाच मापात तोलून दोष दिला. व्याज वाईट होतं, त्यासाठी अख्ख्या समाजाला वाईट ठरवणं चूकच होतं. मोठी माणसंही चुकतात. त्यांचं चांगलं घेताना हे सोडून द्यायचं.

११ मार्च १८८८ रोजी नॉयविडला ते वारले. सत्तरी पुरी व्हायला १९ दिवस कमी होते. तोवर त्यांच्या पद्धतीच्या चारशेच्या वर संस्था झाल्या होत्या.

तिकडून आपल्याकडे

आता आपल्याकडे वळू. रायफायझन नॉयविडची बँक उभी करत होते त्याच सुमाराला, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. दुखणं तेच होतं, वेस्टरवाल्डच्या गायीचं आणि आपल्या दख्खनच्या जमिनीचं. इंग्रज सरकारनं चौकशी केली, १८७९ मध्ये कायदा केला. पण सावकाराला वेसण घातली तरी शेतकऱ्याला पैसा कोण देणार, हा प्रश्न राहिलाच.

मग मद्रास इलाख्यातले अधिकारी फ्रेडरिक निकोल्सन यांना युरोपात अभ्यासाला पाठवलं. त्यांचा अहवाल १८९५ ते १८९७ या काळात आला. भल्यामोठ्या अहवालाचं सार असं की हिंदुस्थानला रायफायझनसारखा माणूस आणि त्याची पद्धत शोधायला हवी. त्यानंतर १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. एका गावातल्या किंवा जवळपासच्या गावांतल्या, अठरा वर्षांवरच्या दहा जणांनी एकत्र यायचं आणि संस्था काढायची. खेड्यातल्या संस्थेला जबाबदारी अमर्याद. सगळं वेस्टरवाल्डचं वळण.

त्याच वाटेवर १९२३ साली लोणी बुद्रुक गावात विठ्ठलराव विखे पाटलांनी गावाची सहकारी पतसंस्था काढली. पुढे प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस त्याचं गाळप सुरू झालं, हे आपण सगळे जाणतो. पण कारखान्याच्या आधी २७ वर्षं एक छोटी पतसंस्था होती, हे आपण विसरतो.

सहकारी संस्था चालवण्याची ही कल्पना आणि परंपरा २०१६ मध्ये युनेस्कोनं मानवी वारसा म्हणून नोंदवून घेतली. आणि आपल्या गावात सोसायटीच्या वार्षिक सभेला कोरम भरत नाही. पाऊण तास थांबून तहकूब सभा घ्यायची, चहा प्यायचा, सही करायची. सोसायटी आपली आहे असं कोणी म्हणत नाही, सोसायटीचं देणं आहे असं म्हणतो. जी संस्था आपण चालवायची होती ती आपल्याला बँकेची खिडकी वाटायला लागली.

आमचा गट

आता कबूल केलेली गोष्ट. आठएक वर्षांपूर्वी आम्ही चौदा जणांनी शेतकरी गट काढला होता. गावचाच एक माणूस शहरात मोठा झालेला, चांगल्या मनाचा. त्यानं एक लाख रुपये दिले. आम्ही फवारणीचा मोठा पंप आणि पेरणीचं यंत्र घेतलं, उरलेले पैसे अडीअडचणीला सभासदांना द्यायचे ठरवलं.

पहिल्या वर्षी झकास चाललं. दुसऱ्या वर्षी यंत्राचं भाडं कोणी देईना. दोघांनी उचललेले पैसे परत आले नाहीत. कोणी विचारलं नाही, मीही नाही. कशाला वाईटपणा घ्यायचा? पैसे तर फुकट आलेले. नोझल तुटलं ते कोणी बदललं नाही. पंप एका गोठ्यात तसाच पडला आणि गंजला. ज्यानं पैसे दिले तो एकदा यात्रेला आला, पंपाकडे बघितलं आणि काही न बोलता गेला. ते मला अजून टोचतं.

आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो, गावात एकी नाही म्हणून गट बुडाला. रायफायझन यांचं हेडेसडॉर्फचं मंडळ वाचलं तेव्हा लक्षात आलं की एकीचा दोष कमी होता. पैसा आमचा नव्हता, म्हणून विचारायचा हक्कही आमचा नव्हता. चौदातल्या प्रत्येकाच्या खिशातून महिन्याला शंभर रुपये जरी गेले असते तरी तिसऱ्या महिन्याला कोणीतरी पंपाचं भाडं मागितलं असतं.

तुमच्या गावात गट काढायचा विचार असेल तर अनुदान कोणतं मिळतं हे विचारायच्या आधी तीन गोष्टी बसून ठरवा. पैसा कोणाकोणाच्या घरून येणार. थकला तर विचारायला कोण जाणार. आणि वही कोणाच्या हातात राहणार, ती सगळ्यांना कधी दाखवणार. हे तीन ठरलं तर दहा माणसंही पुरेत. नाही ठरलं तर लाखभर रुपयेही पुरत नाहीत, हे मी अनुभवानं सांगतो.

आमच्या जुन्या चौदातले नऊ जण परत बसायला तयार झालेत. त्यात पैसे थकवलेल्या दोघांपैकी एक आहे. त्यानं स्वतः होऊन थोडे थोडे करून फेडतो म्हटलंय. दोन बायाही येणार आहेत, वही त्यांच्यातलीच एक लिहील. महिन्याला दोनशे रुपये प्रत्येकी, पहिलं वर्षभर कर्ज कोणालाच नाही, असं बोलणं झालंय. ३० मार्चला संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसायचं ठरलं आहे. दुसऱ्या दिवशी सोसायटीचं भरायचं आहेच.

पंप दुरुस्त होतो का तेही त्याच दिवशी बघू.